सीताराम वलथरे यांची संमती

दर गुरुवारी साडेदहाला हर्षलाची आई ठेवणीतलं पातळ नेसून सेवा केंद्रात जायची. तिथे कोपऱ्यातल्या खोलीत दहा मिनिटं तिला नवऱ्याशी बोलता यायचं. नवरा मार्चमध्ये वारला होता.

जुलैत हर्षला नागपूरहून महिनाभराची रजा काढून खैरटोल्याला आली, तेव्हा आईने तिलाही सोबत नेलं. खोलीत एक खुर्ची, एक माइक आणि भिंतीवर एक पडदा. चेहरा नव्हता, नुसता आवाज होता.

"काय वं फुला, जेवली का?"

हर्षलाने खुर्चीची पाठ घट्ट धरली. बाबांचाच आवाज. 'जेवली का' म्हणताना मध्येच अडकणारा श्वाससुद्धा त्यांचाच.

"जेवली जी," आई म्हणाली. "हर्षला आली हाय. बोलता का तिच्यासंग?"

"आली का? मंग शिंगाडे उकड तिच्यासाठी."

आई हसली. चार महिन्यांत हर्षलाने तिला हसताना पाहिलं नव्हतं. शिंगाडे जुलैत नसतात, हे सांगायचं हर्षलाच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं आणि विचारायचं तेच विचारलं. "बाबा, तलावाचं काय?"

"विकासाले आपला विरोध नाई," आवाज म्हणाला. "कारखाना येऊन रायला त येऊ दे. पोराईले काम भेटन."

पडद्याच्या तळाशी हिरव्या अक्षरांत ओळ उमटली: सीताराम गणपत वलथरे, संमती ८१ टक्के.

बाहेर आल्यावर आई शांत होती. हर्षलाचे कान तापले होते. ज्या माणसाने तीस वर्षं तलावासाठी सरकारदरबारी भांडण केलं, तो मेल्यावर हो म्हणत होता. आणि ते ऐकायला त्याची बायको ठेवणीतलं पातळ नेसून जात होती.

*

जनसुनावणीचा कायदा बदलला, त्याला सहा वर्षं झाली होती. पूर्वी कारखाना यायचा असला की गावच्या शाळेच्या मैदानावर मांडव पडायचा, जिल्हाधिकारी यायचे, लोक माइकवर बोलायचे. आरडाओरड व्हायची, कधी सुनावणी उधळली जायची, प्रकल्प वर्षानुवर्षं रखडायचे. त्यावर उपाय म्हणून 'जनप्रतिरूप' आलं. प्रत्येक नागरिकाची पत्रं, अर्ज, ग्रामसभेतली भाषणं, दवाखान्याच्या आणि रेशनच्या नोंदी एकत्र करून यंत्र त्याचं एक प्रतिरूप तयार करी. प्रश्न त्या प्रतिरूपाला विचारायचा. हा माणूस काय म्हणेल, किती ठामपणे म्हणेल, कोणत्या अटीवर नरमेल, हे ते अर्ध्या मिनिटात सांगे. बाधितांपैकी साठ टक्के प्रतिरूपांनी संमती दिली की प्रकल्प मंजूर. मांडव नाही, पोलीस नाही. आपलं प्रतिरूप नीट आहे की नाही हे तपासायला आठवड्यातून दहा मिनिटं मिळत, जोडीदाराला आणि मुलांनाही. आई त्याच दहा मिनिटांत संसार करत होती.

यंत्रात एक अडचण होती. ज्यांनी कधी कुठे दोन ओळी लिहिल्या नाहीत, माइकवर कधी आले नाहीत, त्यांचं काय? त्यासाठी यंत्र त्यांच्यासारखा दुसरा माणूस शोधायचं. तीच जात, तोच धंदा, तेच पाणी, तेवढंच उत्पन्न. आणि त्याच्या मनावरून यांचं मन भरून काढायचं. त्या दुसऱ्या माणसाला म्हणत संदर्भ-प्रतिरूप.

खैरटोल्याच्या मच्छीमार सहकारी संस्थेचे तीनशे चाळीस सभासद. त्यांतल्या दोनशे बारा जणांनी आयुष्यात एकही अर्ज लिहिला नव्हता, कारण त्यांचे सगळे अर्ज सीतारामभाऊ लिहून द्यायचे, आणि खाली सही करायचे स्वतःच, 'सर्वांच्या वतीने'. अंगठे घेत फिरायचा त्यांना कंटाळा होता.

त्यामुळे बाबांची संमती एकट्या बाबांची नव्हती. ती दोनशे तेरा जणांची होती, म्हणजे तीनशे चाळिसांतल्या साठ टक्क्यांहून जास्त. जुन्या बॅटऱ्या वितळवून निकेल आणि कोबाल्ट काढणाऱ्या 'तेजोनिधी' कंपनीला तलावाचं पाणी हवं होतं, आणि उरलेला गाळ टाकायला तलावाचा उत्तरेकडचा भाग. मरळ, शिंगी ही मासळी आणि शिंगाडे, सगळं त्याच भागात. प्रतिरूपांच्या सुनावणीला एकोणीस दिवस उरले होते.

*

बाबांच्या प्रत्येक पत्राचं पहिलं वाक्य एकच असायचं. 'विकासाला आमचा विरोध नाही.' त्यानंतर 'परंतु', आणि मग चार पानं. हर्षला शाळेत असताना त्यांनी पहिला मोठा अर्ज दिला, तेव्हा एका अधिकाऱ्याने त्यांना विकासविरोधी ठरवून दिवसभर ठाण्यात बसवून ठेवलं होतं. तेव्हापासून ते वाक्य आलं. घरात शिरताना चपला काढाव्यात तसं.

हे हर्षलाला माहीत होतं. आणि दुसरीही एक गोष्ट माहीत होती, जी घरी कोणाला माहीत नव्हती.

मराठीत एम.ए. करून ती नागपूरला विमानतळाजवळच्या एका कचेरीत कंत्राटावर लागली होती. काम सोपं होतं. पडद्यावर नागरिकांच्या पत्रांतली वाक्यं मूळ हस्ताक्षरात येत, नावं झाकलेली. प्रत्येक वाक्याला रंग द्यायचा. पाठिंबा असेल तर हिरवा, विरोध असेल तर लाल, काहीच नसेल तर करडा. यंत्र त्यावरून शिकणार होतं. बरोबर एक नियमपुस्तिका होती. तिच्यातला सहावा नियम: वाक्याचा अर्थ त्या वाक्यापुरताच घ्यावा, पुढचं वाक्य वाचून रंग बदलू नये.

पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं होतं, "पण 'परंतु' आलं तर?"

"परंतु करडा. पुढचे आकडे, तक्रारी, तेही करडे, तो तपशील असतो, मत नव्हे," पर्यवेक्षक म्हणाला होता.

एका दुपारी खैरटोल्याच्या तलावाबद्दलचं पत्र आलं. नाव झाकलेलं होतं, पण ते अक्षर तिने हजारांत ओळखलं असतं. तिला हसू आलं होतं. बाबा इथवर पोचले, असं वाटलं होतं. मग तिने नियमाप्रमाणे पहिल्या वाक्याला हिरवा रंग दिला. दिवसाला सहाशे वाक्यांचं उद्दिष्ट होतं.

आता घरी येऊन तिने ती नियमपुस्तिका ट्रंकेतून काढली. सहा वर्षांत पहिल्यांदाच तिचं शेवटचं पान पाहिलं. 'तेजोनिधी प्रतिष्ठानाच्या सौजन्याने, महाराष्ट्रातील जनतेस सप्रेम भेट.' अख्खी प्रणाली कंपनीने सरकारला फुकट दिली होती. यंत्रं, कचेऱ्या, पगार, सेवा केंद्रातली खुर्चीसुद्धा.

*

आमदार हेमराजभाऊ ठवकर दुपारी कार्यालयात एकटेच जेवत होते. तिला पाहून त्यांनी डब्याचं झाकण पुढे सरकवलं. "बस पोरी. सीतारामभाऊच्या घरी मी किती मरळ खाल्ली असेल, मोजदाद नाही. माझं अन्न तू खा एकदा."

"जेवून आले भाऊ. तुमच्या पक्षाला 'तेजोनिधी'ने देणगी दिली."

"दिली. सरकारी संकेतस्थळावर लिहिलेलं आहे. विरोधी पक्षालाही दिली, आमच्यापेक्षा थोडी कमी. तू शिकलेली आहेस, कायदा वाच. एक रुपया लपवलेला नाही."

"आणि त्याच वर्षी जनप्रतिरूपाचं विधेयक आलं."

हेमराजभाऊंनी घास संपवला. "तुला वाटतं, कोणी सुटकेस घेऊन आलं आणि म्हणालं, असं असं कर. हर्षला, माझी शपथ. आजपर्यंत त्या कंपनीच्या माणसाने माझ्याकडे काही मागितलं नाही. एकदाही नाही."

"मग तुम्ही त्या विधेयकाला मत का दिलंत?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना खरंच वाईट वाटत होतं, आणि तिला त्याचाच जास्त राग आला.

"निवडणुकीला गाड्या लागतात. पोरं लागतात, पोरांना जेवण लागतं. ते सगळं कुठून येतं हे ज्याला कळतं, त्याला काय हवं हेही कळतं. मागावं लागत नाही. तुझ्या बापाने मला तीस वर्षं मतं मिळवून दिली, मी विसरलो नाही. पण मतं मिळवून देणारा मेला, आणि गाड्या देणारा जिवंत आहे."

"बाबा मेले नाहीत भाऊ. तुमच्या यंत्रात आहेत. हो म्हणतायत."

"चुकून म्हणत असतील तर तक्रार दे. समिती आहे."

"समितीवर कोण आहे?"

हेमराजभाऊंनी पाण्याचा पेला उचलून पुन्हा खाली ठेवला. "तुला नागपूरला कायमची नोकरी हवी असेल तर सांग," ते म्हणाले. "हे मनापासून सांगतोय."

"माहीत आहे," ती म्हणाली आणि उठली. "तुम्ही सगळं मनापासूनच करता."

*

तक्रारीचा निकाल नव्वद दिवसांत लागणार होता. वाट दुसरीच होती, आणि ती तिला बाबांच्याच कागदांत सापडली. मेलेल्या माणसाचं प्रतिरूप तोपर्यंतच चालतं, जोपर्यंत त्याचं नाव सातबाऱ्यावर आहे. वारसाची नोंद झाली, फेरफार मंजूर झाला, की प्रतिरूप बंद. कायदा लिहिणाऱ्यांना यात धोका दिसला नसावा. या भागात फेरफार कोण वेळेवर करतं? खैरटोल्यात अजून अशा लोकांच्या नावावर शेती होती, ज्यांना पाहिलेला एकही माणूस जिवंत नव्हता. दोन एकर धानाची जमीन, पोरगी नागपूरला, म्हातारी एकटी. कोण धावतंय तलाठ्याकडे?

फेरफाराच्या नोटिशीला पंधरा दिवस लागतात. सुनावणीला अठरा उरले होते. वारसाच्या अर्जावर आईची सही हवी होती.

आईने कागद वाचला नाही. हर्षलाने समजावून सांगितलं तेवढं ऐकलं, आणि सूप घेऊन तांदूळ पाखडायला बसली.

"एकदा मेला माझा नवरा," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा मी नाई मारत."

"आई, ते बाबा नाहीत."

"तुले काय माहीत? तू होती का इथं? सकाळी बांधावर पडला तो. जाळं हातात. मी धावत गेली तवा डोळे उघडे होते, पन बोलला नाई. छत्तीस वर्षं माणूस बोलत रायला, आन शेवटी एक शब्द नाई. आता बोलते. बोलू दे."

दोन दिवस हर्षलाने तो कागद पुन्हा पुढे केला नाही. तिसऱ्या दिवशी गुरुवार होता, आणि आई पातळ नेसून निघाली तेव्हा तीही निमूट मागून गेली. आता अर्ज द्यायचा तर तो आजच.

"काय वं फुला, जेवली का?"

आई मागच्या वेळेसारखी हसली नाही. तिने माइक जवळ ओढला. "ऐका जी. मी डोंगा विकून रायली."

डोंगा म्हणजे मोहाच्या एका खोडातून कोरलेली बाबांची होडी, त्यांच्या वडिलांच्या हातची. ती विकायची गोष्ट आईने कधीतरी थट्टेत काढली होती, तर बाबा दोन दिवस जेवले नव्हते.

"विक," आवाज म्हणाला. "आपला विरोध नाई. भाव नीट घे."

"आन घरही विकते. हर्षलाकडं नागपूरले जाते."

"जा. तुले बरं वाटन ते कर."

"मी दुसरं लगन करते म्हणलं तर?"

क्षणभर थांबून आवाज म्हणाला, "त्यालेही विरोध नाई. पन इचार करून कर."

आई उठली. दहा मिनिटांतली सहा उरली होती. दारापर्यंत जाऊन ती परत वळली, पडद्याकडे बोट दाखवून हर्षलाला म्हणाली, "याले मी ओळखत नाई. माझा माणूस मीठ कमी पडलं तरी भांडायचा." मग बाहेर पायरीवर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. मार्चमध्ये ती अशी रडली नव्हती. हर्षला शेजारी बसली. येणारे-जाणारे बघत होते, तरी दोघी हलल्या नाहीत.

"कुठं करायची सही?" आईने शेवटी विचारलं.

*

नोटीस लागली. ग्राम महसूल अधिकाऱ्यांच्या फलकावर, जिथे कोणी बघत नाही. जुना तलाठी गेला होता, त्याच्या जागी चौधरी नावाचा तरुण अधिकारी होता, बोलायला मोकळा. पंधराव्या दिवशी दोघी गेल्या तेव्हा त्याने संगणकाचा पडदा त्यांच्याकडे फिरवला.

"हरकत कोणाचीच नाही. आता नोटिशी प्रतिरूपांनाही जातात ना, खातेदार म्हणून एक सीताराम वलथरेंनाही गेली." त्याला हसू आलं. "तुमचं नाव कमी करायचं आहे, हरकत आहे का, असं विचारलं. दोन सेकंदांत उत्तर. 'विरोध नाही.'"

मग त्याने आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हसणं थांबवलं. फेरफार मंजूर केला, छापील प्रत दोन्ही हातांनी दिली.

त्याच संध्याकाळी हेमराजभाऊंचा फोन आला. "हे तू केलंस?"

"वारसनोंद केली भाऊ. सगळं कायदेशीर आहे."

"दोनशे बारा माणसं कोरी झाली. सुनावणी पुढे गेली साठ दिवस. मुंबईहून मला चार फोन आले."

"त्यांनी काही मागितलं का?"

तिकडून श्वास ऐकू आला. "साठ दिवसांत या दोनशे बारा जणांनी स्वतःचं म्हणणं नोंदवलं नाही, तर शेजारच्या जिल्ह्यातला संदर्भ लावणार आहेत. कमीत कमी वीस मिनिटांचं बोलणं, प्रत्येकाचं. तुझ्या लोकांनी आयुष्यात माइक धरला नाही. काय करणार आहेस?"

तिने फोन ठेवला.

*

संस्थेच्या शेडमध्ये, बर्फाच्या पेट्या एका बाजूला सारून, लोक जमले. हर्षलाने नागपूरहून आणलेला रेकॉर्डर टेबलावर ठेवला. आधी तिने रंगांचं सांगितलं. हिरवा, लाल, करडा. मग स्वतःचं सांगितलं. पत्र आलं होतं. अक्षर ओळखलं होतं. हिरवा रंग तिनेच दिला होता.

आई पहिल्या रांगेत होती. हर्षलाने तिच्याकडे पाहायचं टाळलं नाही. आईने मान खाली घातली, पण उठून गेली नाही.

मग गिरजामावशी, संस्थेची सगळ्यांत जुनी सभासद, खोकली. "त ते तूच होती."

"हो मावशी."

"आन पगार घेतला."

"घेतला."

"किती वाक्यं म्हणली रोजची?"

"सहाशे."

"आमी सहाशे मासे पकडले त हेमराज म्हन्ते तलाव खाली केला." कोणीतरी हसलं, मावशी नाही. "सीताराम आमच्या वतीनं लिवायचा. आमाले वाटलं झालं काम. आमची बी चूक हाय. आमचे अंगठे गेले कुठं होते?" ती टेबलाशी आली, खुर्ची पुसून बसली. "याच्यात तू रंग भरशील?"

"नाही. मी काहीच करणार नाही. तुम्ही बोलाल ते सगळं जसंच्या तसं जाईल."

"शिव्या बी?"

नियमपुस्तिकेत त्यावरही नियम होता, अकरावा. अपशब्द वगळावेत, त्यांना मत मानू नये.

"शिव्या आधी," हर्षला म्हणाली.

मावशी शिव्यांनी सुरू झाली. पक्षांची नावं घेऊन, दोन्ही. मग तलावावर आली. कोणत्या साली पाणी आटलं, कोणत्या खड्ड्यात मरळ अंडी घालते, उत्तरेच्या काठावर तिची दोन लेकरं कशी पुरली आहेत आणि गाळ टाकणार तो नेमका कुठे. वीस मिनिटं झाल्यावर रेकॉर्डर आपोआप वाजला. हर्षलाने त्याचा आवाज बंद केला. मावशी थांबली नव्हती. चव्वेचाळीस मिनिटांनी तिचा घसा बसला तेव्हा ती पाणी प्यायली, उठली, आणि जाताना हर्षलाच्या डोक्यावर टपली मारली, जरा जोरातच.

खुर्चीत पुढे कोण बसणार यावर मागे कुजबुज चालली होती. हर्षलाची आई उठली, पदर खोचला आणि टेबलाशी येऊन बसली.

"चालू कर," ती म्हणाली. "मले वेळ लागन."